सूरजागडचे लोखंड आणि रोजगाराचा हिशेब

हेडरी हे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातले, सूरजागड डोंगराच्या पायथ्याचे गाव. तिथून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची एक पाइपलाइन गेली आहे. डोंगरातून काढलेले लोहखनिज हेडरीत अगदी बारीक दळायचे, त्यात पाणी मिसळायचे आणि तो पातळ गाळ पंपाच्या जोरावर कोनसरीला पोचवायचा, एवढेच तिचे काम. कोनसरीत गाळातले पाणी काढून खनिजाच्या गोळ्या वळतात, भट्टीत भाजून त्या टणक करतात आणि मग हा माल पोलादाच्या वाटेला लागतो. २२ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते या साऱ्याचे उद्‌घाटन झाले. वर्षाला ४५ लाख टन पोलाद बनवणाऱ्या एकात्मिक प्रकल्पाची पायाभरणीही त्याच दिवशी झाली. पाइपलाइनची क्षमता वर्षाला १ कोटी टनांची आहे.

१ कोटी टन म्हणजे किती, हे ट्रकच्या भाषेत मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होते. एका ट्रकमध्ये ३० टन माल धरला, तर वर्षाला ३ लाख ३३ हजार खेपा होतात. म्हणजे रोज ९०० हून अधिक भरलेल्या गाड्या, आणि तितक्याच परतीच्या रिकाम्या. एका ट्रकने दिवसात दोन खेपा मारल्या तरी साडेचारशेहून अधिक ट्रक हवेत, आणि दोन पाळ्या धरल्या तर नऊशेच्या वर ड्रायव्हर. त्यांच्यामागे क्लिनर, पंक्चरवाले, गॅरेजवाले, ताडपत्री बांधणारी पोरे, वजनकाट्यावरचे कारकून, रस्त्याकडेचे चहा-भजीवाले. पाइपलाइनला यांतले कोणीच लागत नाही. तिला हवे असतात पंपघरातले मोजके ऑपरेटर, दाब आणि प्रवाह पडद्यावर पाहणारे तंत्रज्ञ, थोडे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि मार्गावर गस्त घालणारे पहारेकरी.

हा झाला कागदावरचा हिशेब. पण त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूलाही बरेच काही लिहिलेले आहे. आलापल्ली, एटापल्ली, आष्टी या पट्ट्यातल्या लोकांनी खनिजाच्या ट्रकांचा जाच वर्षानुवर्षे सोसला. उखडलेले रस्ते, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात घरात आणि शेतातल्या पिकावर बसणारी लाल धूळ. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्लीजवळ गुरुपल्लीत ट्रक आणि एसटी बसचा अपघात होऊन प्रवासी दगावले; चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवून दिले आणि खाणीचे काम बंद पडले. ते पुन्हा सुरू व्हायला २०२१ उजाडले. अशा रस्त्यावरून रोजच्या शेकडो जड गाड्या कमी होणे हा त्या गावांच्या दृष्टीने मोठाच दिलासा आहे. डिझेल वाचते, धूर कमी होतो, जीव वाचतात. ड्रायव्हरची नोकरी हवी म्हणून धूळ आणि अपघात कायम ठेवा, असे कोणी म्हणणार नाही.

यंत्राने रोजगार जातो की वाढतो, हा प्रश्न जगभर ज्या पद्धतीने विचारला जातो ती पद्धत सूरजागडला पुरेशी पडत नाही, त्याचे कारण असे. मँचेस्टरच्या विणकराचा रोजगार यंत्राने नेला, तेव्हा तो आधी तिथे होता. सूरजागडमध्ये मोठ्या उद्योगाचा रोजगार मुळी आताच येतो आहे, आणि येतानाच तो यंत्राने छाटलेला येतो आहे. पन्नास वर्षांपूर्वी एवढ्या खनिजासाठी दहा हजार माणसे हातोडा आणि टोपली घेऊन डोंगरावर चढली असती. आज पोकलेन, डंपर, क्रशर आणि पाइपलाइन ते काम करतात. म्हणून इथे विचारायला हवे ते असे: जी थोडी कामे उरतात ती कोणाला मिळतात, यंत्राने जे वाचवले ते कोणाच्या खिशात जाते, आणि ज्या कामात आजही माणसांचे हातच लागतात त्या जंगलाचे काय होते.

जुन्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या, लोखंडावर डोळा ठेवणारे आजचेच नाहीत. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने वरोऱ्याचा कोळसा आणि लोहाऱ्याचे लोहखनिज यांवर अहवाल लिहिला. तो जमशेदजी टाटांच्या वाचनात आला आणि भारतात पोलादाचा कारखाना काढायचा विचार त्यांच्या मनात रुजला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याच्या रानात पायपीट केली. इथले गणित त्यांना जमेना. मग नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात दोराबजींच्या नजरेला एक भूशास्त्रीय नकाशा पडला, त्यावर दुर्गकडच्या डल्ली-राजहरा टेकड्यांतले लोखंड दाखवले होते. शोध पुढे मयूरभंजपर्यंत गेला, १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याचे लोखंड डोंगरातच राहिले.

ते बाहेर यायला शंभर वर्षे लागली, आणि येतानाची वाट रक्ताळलेली होती. लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी या कंपनीला २००७ मध्ये सूरजागडवर ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. जून २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षासह तिघांची हत्या केली. प्रत्यक्ष खोदकाम २०१६ मध्ये सुरू झाले, तर त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक वाहने एका दिवसात जाळली गेली. २०२१ नंतर मात्र काम झपाट्याने वाढले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये ती २ कोटी ६० लाख टनांपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली. १ जानेवारी २०२५ रोजी तारक्कासह काही माओवाद्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली, ऑक्टोबरमध्ये माओवादी नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह शरण आला. आत्मसमर्पण केलेल्यांपैकी काहींना कोनसरीत काम मिळाले. गडचिरोलीला देशाचे पोलाद केंद्र करायचे, हे आता राज्य सरकारचे जाहीर धोरण आहे.

आजच्या खाणीत काम करायचे म्हणजे नेमके काय करायचे? डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेतात, त्या पायरीला बेंच म्हणतात. ड्रिल मशीन बेंचवर ओळीने भोके पाडते, त्यांत दारू भरून ब्लास्टिंग होते, पोकलेन फुटलेला माल उचलून डंपरमध्ये भरतो, डंपर तो क्रशरवर ओततो. पाण्याचा टँकर दिवसभर रस्ता भिजवत फिरतो. मोजणीचे कामही बदलले आहे. पूर्वी साखळी-पट्टी धरून उन्हात उभ्या राहणाऱ्या मजुरांची टोळी लागायची. २०२१ पासून नियमच झाला की ५० हेक्टरांहून मोठ्या खाणपट्ट्याच्या मालकाने दरवर्षी ड्रोनने सर्वेक्षण करून त्याची चित्रे भारतीय खाण ब्युरोला द्यायची. टोळीची जागा एका ड्रोनचालकाने आणि संगणकापुढच्या एका पदवीधराने घेतली.

पण याच यंत्राने एक दार उघडलेही. खाण कायदा, १९५२ नुसार बायकांना रात्रपाळीला खाणीत कामच करता येत नव्हते. २०१९ च्या सुरुवातीला केंद्राने ही अट शिथिल केली. त्यानंतर नोआमुंडीच्या टाटांच्या खाणीपासून सूरजागडपर्यंत अवजड वाहनांच्या स्टिअरिंगमागे स्त्रिया दिसू लागल्या. डंपरच्या केबिनमध्ये शिडीने चढावे लागते. आत बसले की पॉवर स्टिअरिंग, मागचे-बाजूचे दाखवणारे कॅमेरे, वातानुकूलन. मनगटातल्या जोरापेक्षा नजर, अंदाज आणि शिस्त महत्त्वाची. डोक्यावर मोळी आणि कडेवर पोर घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या घरातली माडिया आदिवासी मुलगी कित्येक टनांचे वाहन घाटातून सुरक्षित उतरवते, तेव्हा त्या घरातले बरेच काही बदलते. महिन्याचा पगार तिच्या खात्यात जमा होतो. लग्न कधी करायचे, धाकट्या भावाला कुठल्या शाळेत घालायचे, यात तिचा शब्द चालू लागतो. कंपनीने स्थानिक कामगारांना सवलतीत समभाग देण्याची योजना आणली, हेडरीत दवाखाना आणि शाळा उभी केली, ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाशी खाणशिक्षणासाठी करार केला. या गोष्टींची नोंद मोकळेपणाने घ्यायला हवी.

तरीही मोजमाप करताना सावध राहावे लागते, आणि त्यासाठी शेजारच्या चंद्रपूरकडे पाहिलेले बरे. महाकाली, हिंदुस्थान लालपेठ, दुर्गापूर-रयतवारी, बल्लारपूर या कोळसा खाणींनी या जिल्ह्यात एक अख्खा कामगारवर्ग घडवला. सुरुंगात उतरून टोपलीने कोळसा भरणारा लोडर हा त्या वर्गाचा कणा होता. मग भुयारात कोळसा भरणारी एसडीएल यंत्रे आली, पाठोपाठ भर भुयारी खाणींवरून सास्तीसारख्या खुल्या खाणींकडे सरकला. संपूर्ण कोल इंडियाचे आकडे तर फारच बोलके आहेत. १९७५ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा उत्पादन ७.९ कोटी टन होते आणि माणसे सहा लाखांहून अधिक. २०२४-२५ मध्ये उत्पादन ७८ कोटी टनांवर गेले आणि कायम कर्मचारी उरले सव्वादोन लाखांच्या आसपास. उत्पादन दहापट, माणसे जवळपास एक तृतीयांश. माती उपसण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले आणि तिथले मजूर या आकड्यात धरलेले नाहीत. कायम कामगाराला मिळणारा पगार, क्वार्टर आणि दवाखाना यांपैकी कंत्राटी ड्रायव्हरच्या वाट्याला फार थोडे येते.

चंद्रपूरच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र एक गोष्ट होती: सातबारा. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा दंडक आहे, आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणीत जमीन गेलेली कित्येक घरे त्याच नोकरीवर उभी राहिली. सूरजागडचा डोंगर वनजमीन. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मोह वेचणाऱ्या, ठाकूरदेवाला नवस फेडणाऱ्या माणसाच्या नावाने डोंगराचा सातबारा नसतो. त्यामुळे दोन एकराला एक नोकरी अशी दाद मागायलाही त्याला आधार नाही. वनहक्क कायदा, २००६ आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, १९९६ हे दोनच त्याचे आधार, आणि डोंगरापुरते तरी ते सामूहिक आहेत. नोकरी मात्र एकेकट्याला मिळते. खाणपट्ट्यातला रोजगाराचा प्रश्न इतका अवघड होऊन बसतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे, आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही.

यंत्र किती आणावे यावरून याच लोहपट्ट्यात एकेकाळी गोळ्या चालल्या आहेत. बस्तरमधल्या बैलाडिला खाणींत हाताने खनिज फोडणारे हजारो कंत्राटी मजूर होते. यांत्रिकीकरणामुळे त्यांना कामावरून काढले गेले, आंदोलन पेटले आणि ५ एप्रिल १९७८ रोजी किरंदुलला पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. ज्यांना आदल्या महिन्यापर्यंत देशाच्या पोलादाचे शिल्पकार म्हटले जात होते, त्यांच्या झोपड्या जळाल्या.

डल्ली-राजहरात गोष्ट वेगळी घडली. तिथल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये तिथेही गोळीबार होऊन अकरा जण मारले गेले होते. तरी बैलाडिलानंतर या संघटनेने नुसता यंत्रविरोध केला नाही. तिने अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला: माणसाच्या जिवाला धोका आहे किंवा पाठ मोडते तिथे यंत्र आणा, जिथे हाताने काम नीट होते आणि खर्चही जास्त येत नाही तिथे माणसे ठेवा. खर्चाचे आकडे मांडून ती व्यवस्थापनाशी भांडली आणि हाताने काम करणाऱ्यांची कपात कित्येक वर्षे रोखून धरली. मजुरी वाढली, दारूविरोधी मोहीम उभी राहिली, १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय सुरू झाले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली. पुढे यंत्रे आलीच. पण मधल्या काळात एका पिढीची मुले शिकली, आणि यंत्र कुठे, किती आणि कधी आणायचे हे वाटाघाटीत ठरू शकते, हे त्या गावाने दाखवून दिले. सूरजागडच्या चर्चेत या अनुभवाचा उल्लेख फारसा होत नाही, ही खेदाची बाब आहे.

यंत्राने किती रोजगार जातो, यावर अर्थशास्त्रज्ञांमध्येही एकमत नाही. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना संगणकीकरणाचा मोठा धोका असल्याचे म्हटले. तीन वर्षांनी ओईसीडीसाठी झालेल्या अभ्यासात हाच धोका सरासरी ९ टक्क्यांवर आला, कारण त्या अभ्यासकांनी नोकरी अख्खी न धरता तिच्यातली कामे वेगळी करून पाहिली. २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल जोएल मोकिर, फिलिप अगियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळाले. नवे तंत्र जुन्याला मोडून वाढ कशी घडवते, हा त्यांचा विषय. त्याआधीच्या वर्षीचे मानकरी डॅरन असेमोग्लू यांचे म्हणणे सूरजागडला अधिक लागू पडते. त्यांच्या मते यंत्र माणसाला एका कामातून हटवते तेव्हा दुसरीकडे नवी कामे तयार झाली तरच मजुराचे भले होते, आणि ती आपोआप तयार होत नाहीत. धोरण, शिक्षण आणि कामगारांची ताकद यांवर ते ठरते.

नव्या तंत्राचा आणखी एक परिणाम सूरजागडमध्ये दिसतो. डोंगरात उत्तम प्रतीच्या हेमेटाइटबरोबर बीएचक्यू (बँडेड हेमेटाइट क्वार्ट्झाइट) नावाचा हलक्या प्रतीचा दगडही प्रचंड आहे. त्यात लोखंडाचे प्रमाण कमी आणि गारेचे जास्त. पूर्वी तो टाकाऊ होता. आता तो बारीक दळून, गार वेगळी करून त्यातून चांगले खनिज मिळवता येते. खनिज वाया जात नाही, खाणीचे आयुष्य वाढते, हे खरे. पण त्यासाठी वीज लागते, पाणी लागते, उरलेला गाळ साठवायला जागा लागते. या शुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२५ मध्ये ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन वापरण्याची आणि टप्प्याटप्प्याने लाखाहून अधिक झाडे तोडण्याची परवानगी देण्यात आली. तंत्र सुधारले की निसर्गावरचा भार हलका होतो, असा सर्वसाधारण समज आहे. इथे तंत्रामुळे टाकाऊ दगडाला किंमत आली आणि जंगलावरची मागणी वाढली. कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या खाणीतूनही असाच गाळ ६७ किलोमीटरच्या पाइपलाइनने मंगळूरला जात असे. पश्चिम घाटातले जंगल आणि भद्रा नदी यांच्या हानीमुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती खाण २००५ च्या अखेरीस बंद झाली.

आणि जंगल म्हणजे इथला सर्वांत जुना रोजगार. एप्रिलच्या अखेरीला तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा घरातले सगळे पहाटे रानात जातात. दुपारी अंगणात बसून पाने जुळवायची, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. या कामाला अजून यंत्र सापडलेले नाही. साठीतली आजी पुडा बांधते, शाळेला सुट्टी लागलेली नात पाने पुसते, आणि या पैशातून खरिपाचे बियाणे येते. खाणीत या आजीला कोणी कामावर घेणार नाही. या जंगलाचा कारभारही हळूहळू गावांच्या हाती येऊ लागला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावाच्या हाती दिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही गोंडपिपरी तालुक्यात बांबूवर गावाचा कारभार उभा केला. पुढे गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. २०१७ मध्ये भाव कडाडले, पुढच्याच हंगामात कोसळले; हा धंदाही बेभरवशाचा आहे आणि विडीचे भवितव्य उज्ज्वल नाही. तरी लिलावाच्या अटी ठरवणे, खाते सांभाळणे, ठेकेदाराशी लेखी करार करणे, मोबाइलवर जंगलाचा नकाशा काढणे, हे सगळे गावाने शिकून घेतले. नवनिर्मिती फक्त कारखान्यात होते असे मानणाऱ्यांनी ग्रामसभेचे दप्तर एकदा उघडून पाहावे.

म्हणूनच २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्टा येथे माडिया गावे महिनोन्‌महिने नव्या खाणींविरुद्ध धरणे धरून बसली, तेव्हा ती केवळ भावनेची गोष्ट नव्हती. दरवर्षी जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा भरते तो डोंगर त्यांच्यासाठी पवित्र आहे, हे तर आहेच. पण त्याबरोबर ही माणसे रोजगाराचाच हिशेब मांडत होती: खाणीत किती जणांना काम मिळेल आणि जंगल गेल्यावर किती घरांचे काम जाईल. जनसुनावणी मात्र दीडशेएक किलोमीटर दूरच्या जिल्ह्याच्या ठिकाणी होते. असे दूर बसून कारभार करण्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथे पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीचे अवाढव्य ट्रक आणि मालगाड्या आज चालकाविना धावतात, त्यांचे नियंत्रण दीड हजार किलोमीटर दूरच्या पर्थ शहरातून होते. त्याच कंपनीने मे २०२० मध्ये जूकन दरीतल्या ४६ हजार वर्षांच्या वहिवाटीच्या पवित्र गुहा सुरुंगाने उडवल्या, आणि त्या प्रकरणात मुख्याधिकाऱ्याला पद सोडावे लागले. जगातले सर्वांत प्रगत तंत्र हाताशी असूनही स्थानिकांचे ऐकले नाही की काय होते, त्याचा हा धडा आहे. आणि नियंत्रणकक्ष महानगरात गेला की उरलेली नोकरीही डोंगर सोडून तिकडे जाते, हा दुसरा.

उरला पैशाचा प्रश्न. माणसांऐवजी यंत्र काम करते तेव्हा मजुरी म्हणून गावात येणारा पैसा आटतो. तो दुसऱ्या वाटेने यायला हवा. कायद्याने तशी वाट आहे. खाणी व खनिजे कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. लोहखनिजावर सरासरी विक्रीभावाच्या १५ टक्के रॉयल्टी असते, आणि जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम प्रतिष्ठानाला द्यावी लागते. समजा भाव टनाला ४ हजार रुपये धरला, तर रॉयल्टी ६०० रुपये आणि प्रतिष्ठानाचा वाटा १८० रुपये. १ कोटी टनांवर हे १८० कोटी होतात. पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य यांवर ते खर्च व्हावेत असा नियम आहे. पण लिलावाने दिलेल्या नव्या खाणपट्ट्यांना हाच वाटा फक्त १० टक्के आहे. सूरजागडच्या नव्या गटांचा लिलाव झालेला आहे. म्हणजे त्याच डोंगररांगेतल्या, त्याच दर्जाच्या टनामागे १८० ऐवजी ६० रुपये जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात येणार. लिलावातला वरचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. यांत्रिकीकरण वाढत जाणार आणि स्थानिकांचा वाटा एक तृतीयांश होणार, ही व्यवस्था उलट्या दिशेने चालली आहे. राज्याने लिलावाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा खाणीच्या तालुक्यासाठी राखून ठेवला तरच ती सुलट होईल.

कौशल्याचे गणितही काटेकोर हवे. प्रकल्पाचे आकडे सांगताना हजारो रोजगार असे म्हटले जाते, पण त्या हजारांत एटापल्लीचा पहारेकरी आणि बाहेरून आलेला नियंत्रणकक्षाचा अभियंता दोघेही एकेक म्हणून मोजले जातात. डंपर चालवायला शिकवणे ही पहिली पायरी झाली. पिलबारासारखे चालकविरहित डंपर उद्या इथे आले, तर पहिल्याच पायरीवरची मुलगी घरी बसेल. तिच्या हाताला आजच हायड्रॉलिक्सची दुरुस्ती, विद्युत यंत्रणा, पंपघराचे नियंत्रण यांची सवय लागायला हवी. त्यासाठी एटापल्ली, अहेरी, भामरागडच्या आश्रमशाळांत गणित आणि विज्ञानाचे शिक्षक कायम हवेत, आयटीआयमध्ये आजची यंत्रे हवीत, आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत या तालुक्यांसाठी जागा राखीव हव्यात.

सूरजागडच्या पहिल्या खाणपट्ट्याची मुदत २०५७ पर्यंत आहे. एवढ्या लांब पल्ल्याच्या उद्योगाला एक साधी गोष्ट अवघड नाही: कंपनी, तिचे कंत्राटदार आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून रोजगाराची नोंदवही जाहीर करावी. तालुकानिहाय किती माणसे, त्यांत स्त्रिया किती, कायम किती आणि कंत्राटी किती, कोणत्या हुद्द्यावर किती पगार, कोणत्या यंत्रामुळे किती जागा कमी झाल्या आणि त्या माणसांना पुढे कोणते काम दिले, हे सारे त्यात असावे. सोबत खनिज प्रतिष्ठानाचा जमाखर्चही जोडावा. आणि दर सहा महिन्यांनी हे दोन्ही कागद सूरजागड इलाख्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत माडिया आणि मराठीतून वाचून दाखवावेत, प्रश्नांना तिथेच उत्तरे द्यावीत.